डावीकडे ओढणारी गाडी

बाबा, आज तुमची गाडी सरळ चालली. हे तुम्हाला कळवायची खरं तर काही गरज नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुम्ही होतात तेव्हाही ती गाडी तुमच्यापेक्षा आईचीच जास्त होती, कारण ती तिच्या भावाकडून आलेली. मामाने नवी घेतली आणि जुनी न मागता आपल्याला दिली. अलिबागहून तो स्वतः चालवत घेऊन आला, आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि भाईंदर पूर्वेच्या आपल्या गल्लीत, जिथे स्कूटर लावायची मारामार, तिथे ती गाडी सुखाने नांदली. आई अजूनही खिडकीतून खाली बघून ती जागेवर आहे ना याची खात्री करते.

गेले काही महिने गतिरोधक आला की पुढच्या डाव्या चाकाखालून खट् असा आवाज यायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला फिजिओथेरपीला मीच नेते. तिला हादरे नकोत म्हणून काल गाडी गॅरेजात घातली. गॅरेजवाल्याने चाक काढलं आणि पहार लावून मला हलवून दाखवलं. चाकाला जागेवर धरून ठेवणारा बॉल जॉइंट ढिला झाला होता. त्यामागच्या लोखंडी आर्मचे बुश, म्हणजे लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून बसवलेले रबराचे गट्टू, फाटून गेले होते. "मॅडम, ये जॉइंट निकल जाता तो चाक ही बाहर आता. आप चलाती कैसे थीं?" मी म्हटलं, कम चलाती हूँ. मग त्याने आर्म बाहेर काढला आणि हसायलाच लागला. "ये किसका जुगाड है?" फाटक्या बुशच्या फटीत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबलेल्या होत्या, दगडासारख्या कडक झालेल्या, आणि वरून तांब्याची तार आवळलेली. तारेचं टोक आत दुमडून दाबलेलं होतं, हाताला टोचू नये म्हणून.

तशी तार आपल्या स्वयंपाकघरात सगळीकडे होती. कढईच्या कानाला, किसणीला, आईच्या पोळपाटाच्या मोडक्या पायाला. भांड्यांच्या कारखान्यात तुम्ही यंत्रांच्या जळलेल्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळायचात, उरलेली तार घरी आणायचात आणि जे मोडेल ते बांधून टाकायचात. टोक असं आत वळवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. म्हणजे तुम्ही कधीतरी त्या गाडीखाली शिरला होतात. दोष गाडीत आहे हे तुम्हाला माहीत होतं.

तो जुना रविवार अजून समोर आहे. माझं लायसन्स नवं कोरं आहे आणि मी चालवते आहे. मामा पुढे माझ्याशेजारी, तुम्ही आणि आई मागे. जेवणं झाल्यावर मामाला त्याच्या जुन्या गाडीतून घोडबंदरच्या किल्ल्याकडे चक्कर मारायची हुक्की आली आहे. उतारावर मी ब्रेक दाबते, गाडी नेहमीसारखी डावीकडे सरकते, मी नेहमीसारखं स्टेअरिंग उजवीकडे ओढते, पण आज घाबरून जरा जास्तच. समोरून बस येते, हॉर्न वाजवत अंगावरून गेल्यासारखी जाते. मामा डॅशबोर्ड धरून मागे वळतो. "काय हो भावोजी, गाडी डावीकडं ओढतेय की काय?" तुम्ही एका क्षणाचाही वेळ घेत नाही. "छे! गाडी एक नंबर आहे. हिच्याच हाताला सरळ कळत नाही." मामा हसतो, आई हसते, मीही हसते. परत येताना स्टेअरिंगवर तुम्ही बसता.

तुम्ही ते एकदाच म्हणालात, पण घराने ते उचललं. मी पोळी लाटली तरी कुणीतरी म्हणायचं, हिच्या हाताला सरळ कळत नाही. स्टेशन आणि बाजार यांच्या पलीकडे मी गाडी कधी नेली नाही. बँकेत मला शाखा तपासायचं काम मिळत होतं, ठाणे, वसई, विरार, स्वतः गाडी घेऊन फिरायचं. मी नको म्हटलं. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, मला ड्रायव्हिंग नीट जमत नाही. तो बहाणा नव्हता, माझी तशी खात्रीच होती. ते काम ज्याला मिळालं तो आज माझा साहेब आहे. माणूस चांगला आहे.

आज दोन्ही बाजूंचे बुश आणि जॉइंट नवे बसले. गॅरेजवाल्याने सगळे बोल्ट आधी अर्धवटच आवळले, गाडी खाली उतरवून तिचं वजन चाकांवर येऊ दिलं आणि मग शेवटचा पीळ दिला. आधीच आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं, असं म्हणाला. अलाइनमेंट करून घेतलं आणि घरी यायचं सोडून मी हायवेला लागले. सुरुवातीला गाडी उजवीकडे जायला लागली, कारण माझा हात तिकडे ओढत होता. मी हात सैल सोडला. त्याच उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी सरळ जाऊन थांबली. मला वाटलं होतं आनंद होईल. राग आला, बाबा, आणि तो चांगलाच आला.

घरी आले तेव्हा आई पाय स्टुलावर ठेवून घेवडा निवडत बसली होती. "काय निघालं गं गाडीत?" तिने विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सुरू झाली. "माझ्या भावाची गाडी. एवढी वर्षं वापरली, पण तुझ्या बाबांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द नाही. माझ्या माहेरच्या कुठल्याच गोष्टीला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही हो." हे बोलताना तिचा चेहरा जसा झाला, तसा तो इतर कशाने होत नाही. तेव्हा कळलं, त्या रविवारी मागच्या सीटवर तुम्ही कुणाला सांभाळत होतात. भावाने मोडकी गाडी गळ्यात मारली असं तिला वाटायला नको होतं. दोष कुणावर तरी ढकलायचा होता, आणि मी समोरच बसले होते.

गॅरेजातून आणलेली ती तार माझ्या पर्समध्ये होती. मी बाहेर काढली नाही. म्हटलं, "काही नाही आई, गाडी जुनी झाली. रबर आहे, झिजतं." "झिजणारच की," आई म्हणाली, आणि शेंगांच्या शिरा काढायला लागली.

तुम्ही एवढंच म्हणायला हवं होतं, बाबा. जुनी आहे, झिजली आहे. मामाला लागलं नसतं, आईला लागलं नसतं, आणि मलाही नाही. चालत्या गाडीत, समोरून बस येताना, तुम्हाला ते सुचलं नसेल हे मी समजू शकते. पण नंतर तुम्हाला पुष्कळ वर्षं मिळाली होती, आणि आपण रोज एका ताटलीतला चिवडा खात होतो.

हे आईला वाचून दाखवता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवावं असं यात काही नाही. उद्या फाडून टाकीन. फक्त एक लिहून ठेवते. आज उतारावर गाडी थांबली तेव्हा मी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. एवढा राग आला असतानाही, या वयात, मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, बरी चालवतेस.