कपाटावरचा अंगठा

६ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. अकरावीला न्यायसहायक विज्ञान, म्हणजे तुझाच विषय, घेतला तेव्हा वाटलं होतं, भिंग घेऊन ऐटीत फिरायचं. इथे तर मातीचे नमुने चाळून चाळून मान मोडते. घरी पोचते ती दमून-भागूनच. आईच्या मते हे सगळं मी तुझ्या नादी लागून ओढवून घेतलं. बाबांचे गुडघे दुखतात, तेही एक दिवस ती तुझ्याच माथी मारेल.

पण एक बातमी आहे. प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटातून वर्गाचा कॅमेरा गेला. आमचं सगळं सामान त्याच कपाटात असतं. खोट्या चोऱ्यांचे तपास पुरे झाले, आता हाच करा, असं सर म्हणाले. मी हातमोजे घालून दारावर काळी पूड फिरवली, तर मुठीपाशी एक अंगठा लख्ख उमटला! किल्ली शिपाईकाकांकडे असते, म्हणून त्यांच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. चक्राला चक्र जुळलं. सरांनी पाठ थोपटली. मुख्याध्यापिकाबाईंनी काकांना घरी बसायला सांगितलं आहे, आणि महिनाअखेर कामावरून काढणार असं ऐकते.

काका मला रोज ‘आल्या फौजदारबाई’ म्हणून चिडवायचे. असा माणूस असं करेल, खरंच वाटत नाही. पण पुरावा तो पुरावा, हो ना? दोन्ही ठसे, दारावरचा चिकटपट्टीवर आणि काकांचा कागदावर, सोबत पाठवले आहेत. तुझी शाबासकी आली की सगळा शीण जाईल.

आजवर केलास तसाच लोभ कर.

तुझी भिंगरी


११ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं तेव्हा ऑफिसातून येऊन नुकतीच टेकले होते. दिवसभर लोकांच्या बोटांवरच्या रेघा बघून आता डोळे मिटले तरी त्याच दिसतात. निवृत्ती जवळ आली म्हणून काम कमी होत नाही, उलट जाता जाता पिळून घेतात. घरी पुन्हा भिंग लावायचं जिवावर आलं होतं, पण तुला शाबासकीची घाई दिसली, म्हणून लावलं.

शाबासकी मिळणार नाही, बाळ.

चक्राला चक्र जुळलं म्हणतेस. अगं, चक्रं पैशाला पासरी! चक्राच्या आत रेघ कुठे फुटते, कुठे तुटते, ते जुळावं लागतं. इथे तसली एकही जागा जुळत नाही. शिपायाच्या रेघा काचेची भांडी घासून घासून पुसट झाल्यात. कपाटावरचा अंगठा कोवळा आहे, आणि त्यावर तिरपी पांढरी रेघ आहे, जुन्या जखमेची. ती जखम माझ्या ओळखीची आहे. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे आली होतीस, तेव्हा डब्याच्या पत्र्याने अंगठा कापून घेतलास आणि घर डोक्यावर घेतलंस. पट्टी मीच बांधली होती. ते हातमोजे बाहेर काढायला कपाट कोणी उघड्या हाताने उघडलं होतं, ते आठव.

आमच्याकडे आधी आपले स्वतःचे ठसे घेतात, मग त्या जागी रोज वावरणाऱ्यांचे. ते वगळून जे उरेल त्यावर बोलायचं. सरांनी हे शिकवलं नसेल तर त्यांचेही कान धरायला हवेत. आणि ठसा खरोखर काकांचा असता, तरी काय सिद्ध होतं? जो रोज ते कपाट पुसतो, त्याचा हात तिथे लागणारच.

आता बाईंना सांगावं लागेल. सांगितलंस की बोट तुझ्याकडे वळेल, मुलं वाट्टेल ते बोलतील. मी फोन करू शकते, पण करणार नाही. तू जा. मला राग आला नाही, नुसता थकवा आला. भाची माझ्या वाटेने येते आहे म्हणून मी ऑफिसात मिरवत होते. अजूनही मिरवायचं आहे.

दादाला गुडघे शेकायला सांग.

तुझ्यावर माया आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

आत्या


२० ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. ते दप्तरात घेऊन नुसतीच फिरत राहिले. शेवटी बाबांना दाखवलं. ते ओरडले नाहीत, चल म्हणाले. गुडघे धरत शाळेचे जिने चढले, पण बाईंच्या दाराबाहेरच थांबले आणि मला एकटीला आत पाठवलं.

तू परत पाठवलेला ठसा मी बाईंच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी माझ्या अंगठ्याचा ठसा दिला. सरांनी भिंगातून दोन्ही पाहिले आणि मान वर न करताच, हिचाच आहे, म्हणाले. मग बाईंनी विचारलं, कॅमेरा मी घेतला का. मी नाही म्हणाले, तरी त्या माझ्या हाताकडेच बघत होत्या. काकांनाही असंच वाटलं असेल, आणि त्यांच्या बाजूने तर बाहेरही कोणी उभं नव्हतं.

कॅमेरा अजून मिळालेला नाही. मी जवळ गेले की मुली दप्तरं ओढून घेतात. आई विषय सोड म्हणते, मलाही रोज तसंच वाटतं, आणि रोज त्या तासाला जाऊन बसते.

काका सोमवारी कामावर आले. मी माफी मागितली, तर होतं असं, लहान आहात, म्हणाले. मला बरं वाटलं. आज काचपट्ट्या हव्या होत्या, म्हणून त्यांना कपाट उघडून मागितलं. त्यांनी किल्ली माझ्यापुढे टेबलावर ठेवली, दोन्ही हात पाठीमागे धरले, आणि मॅडम, तुम्हीच उघडा, असं म्हणाले. फौजदारबाई म्हणाले नाहीत.

आत्या, तू तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी भिंगरी