दोऱ्याचा बर्फ

१८ नोव्हेंबर
ओवीला बर्फ पाहिजे. शाळेत गॅदरिंगला पहिलीच्या मुलींचा नाच ठरलाय, सगळ्या बर्फाच्या पऱ्या. बाईंनी मोबाइलवर दाखवलं बर्फ कसा भुरभुर पडतो ते. दप्तर ओट्यावर फेकून बया थेट माझ्यासमोर.
"मोठी आई, तू दोऱ्याचं समदं करती ना? मग बर्फ कर."
म्हटलं, बर्फ दोऱ्याचा असतो व्हय? तर म्हणे, "आपल्याकडं खरा पडत नाय ना. मग दोऱ्याचाच."
मनीषा, माझी धाकटी जाऊ, भांडी घासत होती, हसायला लागली. "तुमीच लाडावून ठेवलीय ताई लेकीला माझ्या. करा आता."
तोरणं केली, रुमाल केले, मखराची झालर केली. बर्फ नाही केला कधी.

२१ नोव्हेंबर
जुन्नरला जाऊन आले. रशीदाभाभींच्या दुकानात पांढरा दोरा घेतला, बारीक, चकाकीचा. त्यांना सांगितलं तर गल्ल्यावरच मोबाइल काढून बसल्या, गिऱ्हाईक उभं तसंच. क्रोशाचा एक नमुना सापडला. मधे गोल, भोवती साखळ्या, खांब, टोकाला बारीक कंगोरे.
"सहाच पाकळ्या पायजेत बघ. पाच झाल्या तर फूल. सहा झाल्या तरच बर्फ."
साबुदाण्याच्या खळीत बुडवायचं न् वाळायच्या आधी थर्माकोलवर टाचण्या लावून ताणून ठेवायचं, म्हणजे कडक राहतं. येताना ओझरच्या फाट्यावर गाडीसाठी ताटकळले. थंडी पडायला लागलीय.

२६ नोव्हेंबर
पहिला जमला. दोनदा उसवला, मग जमला. ओवीनं डोक्यावर ठेवून आख्ख्या वस्तीला दाखवून आणला. आल्यावर म्हणाली, "ह्यो वितळंल का गं?" नाही म्हटलं. मग पटला.
शिंद्यांच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं बिबट्यानं. ह्यांनी ओट्यावर मोठा बल्ब लावलाय. आमच्या दारापासून ऊस लांब नाही. या बाजूला कुणाच्याच दारापासून नाही.

३ डिसेंबर
बर्फाचा कारखाना चालू. निम्मे फ्रॉकच्या घेराला, काही केसांत. खळीचं पातेलं बघून सासूबाई कुरकुरल्या, खायचा साबुदाणा असा वाया घालवता म्हणून. मग स्वतःच चष्मा लावून टाचण्या टोचत बसल्या.
फ्रॉक अंगावर घालून बघितला. ओवी गिरक्या घ्यायला लागली ती थांबेचना. मनीषा ओरडली, पडशील गं. पडलीच. उठून परत गिरकी.
मला मूल नाही. ही झाल्यापासून ते फारसं आठवलं नाही मला.

९ डिसेंबर
लिहवत नाही.
ओवी गेली. काल तिन्हीसांजेला. बिबट्या.

१३ डिसेंबर
लिहून ठेवते. डोक्यात तेच तेच फिरतंय, कागदावर तरी उतरू दे.
मनीषा दोरीवरचे कपडे काढत होती. ओवी तिच्या पाठीशी, पदराला धरून. मी आत कणीक मळत होते. पदर हिसकल्यासारखा झाला म्हणून मनीषा वळली, तर ओवी नाही. ओरडली नाही, काही नाही. फक्त उसाची पानं हलली.
मग मनीषाचा आवाज. तसा आवाज माणसाचा असतो हे मला माहीत नव्हतं.
संतोषभावजी, ओवीचे बाबा, कोयता घेऊन तसेच उसात घुसले. मागून हे, मग सगळी वस्ती, बॅटऱ्या, ट्रॅक्टरचे लाइट. सापडली तेव्हा
नको.
मनीषा अजून तो पदर हातात धरून बसते.

१५ डिसेंबर
फाट्यावर रास्ता रोको झाला. कॅमेरेवाले घरापर्यंत आले. एका पोरीनं माइक मनीषाच्या तोंडापुढं धरला, कसं वाटतंय म्हणून. मी त्या पोरीला दंडाला धरून अंगणाबाहेर काढलं. मला लेक असती तर तिच्याच वयाची. तिचं काम असेल. तरी काढलं.
वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावला. आत शेळी. बरीच लहान आहे, आईवाचून ओरडत राहते. मनीषा एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.
"तिला सोडा कुणीतरी."
हे म्हणाले, अगं तिला काय होत नाही, मधे जाळी असती. मनीषा म्हणाली, "तिला ठावं हाये का ते?"

२० डिसेंबर
शाळेच्या बाई आल्या होत्या. गॅदरिंग रद्द. वस्तीवरच्या मुलींना कुणी शाळेत पाठवत नाही. बाई बोलायला आल्या आणि नुसत्याच रडून गेल्या. वयानं लहान आहेत.
सासूबाई म्हणतात, तो फ्रॉक न् ती दोऱ्याची फुलं नदीत सोडून द्या, पांढरं नजरेसमोर नको. मी बिस्किटाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली. संध्याकाळी मनीषानं विचारलं, "ताई, ते कुठं ठेवलंत?" सांगितलं.
"टाकू नका."
बास, एवढंच.

२७ डिसेंबर
दुपारी मी खिडकीपाशी सुई घेऊन बसले होते. काही करत नव्हते, नुसती हातात धरलेली. मनीषा येऊन शेजारी बसली.
"मला शिकवा."
"काय?"
"तेच."
साखळी दाखवली. तिचे हात खुरप्याचे, दोरा फार ओढून धरते. टाका इतका आवळला जातो की सुईच आत शिरत नाही. म्हटलं, जरा सैल धर.
"सैल धरलं की सुटतं, ताई."
 तिचे हात माझ्या हातात घेतले न् दोघींनी मिळून ती साखळी केली.

२ जानेवारी
आता रोज दुपारी बसते. जेवण धड नाही, झोप नाही, पण सुई घेतली की तासभर कुठं तरी जाते. आज पहिला पुरा केला. मोजला तर पाच पाकळ्या.
"असू दे गं, फूल झालं."
"मला फूल नकोय."
सगळं उसवलं, पार मधल्या गोलापर्यंत. मुकाट्यानं परत सुरू केलं. सासूबाई दारातून बघत होत्या. मला वाटलं आता ओरडतील. आत गेल्या, चहा टाकला.

९ जानेवारी
बिबट्या अडकला. मादी आहे.
पिंजऱ्याभोवती ही गर्दी, मोबाइल वर धरलेले, पोरं दगड मारतायत, गार्ड लोकांना मागं रेटतोय. मनीषा म्हणाली मला बघायचंय. भावजी नको म्हणाले. ती चालायलाच लागली, मग मी पण तिच्यामागं. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. 
मादी कोपऱ्यात दबून बसलेली. कपाळ जाळीवर आपटून रक्त आलेलं. मला वाटलं होतं मोठी असेल.
मनीषानं गार्डला विचारलं, "हीच का?"
त्यानं टोपी काढली. "आमी नाय सांगू शकत ताई. तपासणी व्हईल. ह्या पट्ट्यात लई हायेत."
"म्हंजी दुसरीबी असंल."
"असू शकतं."
बराच वेळ उभी होती. येताना बांधावर म्हणाली, "घाबरली व्हती ती." मी हो म्हटलं. थोडं चालल्यावर थांबली. "घाबरली तर घाबरली. मी काय करू?" आणि खाली बसली. बांधावरच. आठ डिसेंबरपासून रडली नव्हती, ती रडली. मी तिचा पदर धरून उभी. 

१५ जानेवारी
यंदा संक्रांत नाही. शेजारणी एकमेकींना हळू आवाजात वाण देऊन परतल्या, आमच्या दारावरून जाताना बांगड्या वाजू नयेत म्हणून हात धरून.
जेवताना भावजी म्हणाले, चाकणला कंपनीत काम मिळतंय, मित्रानं खोली बघितलीय. हे म्हणाले, अरे ऊस मोडून टाकू, तिथं कांदा लावू, मोकळं रान राहील.
"ऊस मोडला तरी जागा तिथंच ऱ्हानार ना, दादा."
ह्यांनी ताट सरकवलं. कुणीच जेवलं नाही.

२१ जानेवारी
मनीषा जायला तयार नाही. "ती हितं हाये. मी कुठं जाऊ?" भावजी म्हणतात मला दोरीवर कपडे दिसले तरी छाती धडधडते, मी इथं मरून जाईन. दोघंही खरं बोलतात. एकाच खोलीत, एकमेकांकडं पाठ करून.
सासूबाई मला म्हणाल्या, तू सांग तिला, तुझं ऐकंल.
काय सांगू? जा म्हणू? ती गेली की या घरात माझं कोण? राहा म्हणू? कुणासाठी?
काही सांगितलं नाही.

२८ जानेवारी
गेली दोघं. टेम्पोत गादी, शेगडी, दोन पिशव्या. काल मनीषा स्वतःच म्हणाली, "जाते ताई. ह्यो मानूस बी गेला तर मग?" 
दोऱ्याची रिळं आणि माझी जुनी सुई तिला दिली. सासूबाईंनी तांदूळ दिले, मेतकूट दिलं, आणि ओट्यावरच उभ्या राहिल्या, खाली उतरल्या नाहीत. टेम्पो वळला तेव्हा मनीषानं उसाकडं नाही बघितलं. माझ्याकडं पण नाही.

११ फेब्रुवारी
घर नुसतं खायला उठतं. हे रानात, सासूबाई जपमाळ घेऊन. मंचरच्या एका दुकानातून निरोप आला होता, तसली पांढरी फुलं करून द्याल का, शोभेला टांगायला. होणार नाही म्हणून कळवलं. राग नाही आला. त्यांना कुठं माहितीय.
पाटाकडेला परत पंज्याचे ठसे दिसले म्हणतात. परत पिंजरा येणार.
मनीषाचा फोन रविवारी असतो. जेवलीस का, जेवले. पाणी येतं का, येतं. भावजी कसे, बरे.  फोन मात्र कुणी ठेवत नाही.

२ मार्च
रविवार. मनीषाचा फोन. आज आवाज वेगळा होता.
म्हणाली शेजारच्या खोलीत बिहारकडचं कुटुंब आहे. त्यांची पोरगी, असेल पाच-सहा वर्षांची. आई-बाप दोघं कामावर, ती दिवसभर गॅलरीत. मनीषा दारात बसून विणते तर ती येऊन बसते. भाषा कळत नाही फारशी. काल बोटानं दाखवून विचारलं, "ये क्या है?"
"मग? सांगितलंस?"
"नाय. उठले न् दार लावून घेतलं."  मग, "तिच्या तोंडावर लावलं, ताई. बरोबर केलं का मी?"
मी म्हटलं, तुला जमेल तसं कर गं. ते पण म्हणायचं म्हणून.
"आज परत आलीय. कवाची दार वाजवतीय."
मग मला पण ऐकू आलं. पलीकडं, फोनमधून. बारीक हाताची टकटक, थांबून थांबून.
दोघी ती टकटक ऐकत राहिलो.   मग ती म्हणाली, "ठेवते." आणि ठेवला.
दार उघडलं का नाही, काय माहीत. परत लावून बघावा म्हणून फोन हातात घेतला होता. नाही लावला.