इमामपूरच्या घाटात अडलेला अंगठा

सावेडी, नगर

प्रिय पॉलदादा,

तुला आणि मार्थावहिनीला धाकट्या हन्नाचा सप्रेम सलाम. प्रभुकृपेने इकडे सगळे खुशाल आहोत. वहिनीचा खोकला थांबला असेल, शेवगावची थंडीही ओसरली असेल, अशी आशा करते.

आमच्या स्कूटरयात्रेचा व्हिडिओ तुझ्याकडे आलाच असेल. त्यात मी दात काढून हसत घाट उतरते आहे आणि मागे तुतारी वाजते आहे. दादा, ते हसणं नव्हतं. भीतीने तोंड उघडलं आणि मिटेना, एवढंच. म्हणून खरं काय घडलं ते सविस्तर लिहिते.

आम्ही दोघंच होतो. मी आणि घोडेगावचा कांद्याचा व्यापारी अमृत. दोघांनाही एकच दुखणं, मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. नगरहून नेवाशापर्यंत बॅटरीच्या चारचाकी स्कूटरवर जायचं, वाटेत लोकांना आजार समजावायचा आणि आमच्यासारख्यांच्या व्यायामकेंद्रासाठी वर्गणी गोळा करायची, असा बेत होता. (समजावणं सोपं नाही. जेऊरला एका आजोबांनी विचारलं, "एमएस म्हंजी त्यो कम्प्युटरचा कोर्सच ना?" मी सांगितलं की मेंदूतून निघणाऱ्या तारांवरचं आवरण झिजतं आणि निरोप भलतीकडे जातात. ते म्हणाले, "मंग वायरमन बोलवा की." तरी वर्गणी दिली हो त्यांनी.) मागे बिभीषणचा टेम्पो होता, पाणी, औषधं आणि फलक घेऊन. निघताना तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "ताई, भ्यायचं न्हाई. म्या हाय मागं."

मी मात्र घरापासूनच भीत होते. उन्हाची भीती, कारण अंग तापलं की माझे हातपाय माझे राहत नाहीत. ट्रकची भीती. आणि सगळ्यांत जास्त इमामपूरच्या घाटाची. या स्कूटरला पायाचा ब्रेक नसतो. उजव्या अंगठ्याखालची पट्टी दाबली की ती चालते, सोडली की थांबते. म्हणजे थांबायचं तर सोडता आलं पाहिजे.

उतार लागला आणि अंगठ्यात पेटका आला. पट्टीवर असा घट्ट बसला की मी त्याला विनवलं, दटावलं, शेवटी शिव्याही दिल्या (चर्चच्या सभेत सांगू नकोस), पण तो हलेना. चावी फिरवली असती तर गाडी थांबली असती, पण त्यासाठी डावा हात हँडलवरून काढायचा, आणि तोच तर गाडी दरीपासून लांब धरून होता. समोर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत हळूहळू उतरत होता. बाहेर आलेली उसाची टोकं नेमकी माझ्या तोंडासमोर. मी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि 'आमची रोजची भाकर' या ओळीपाशीच अडकले. पुढचं काही आठवेना. मागून बिभीषण हॉर्न वाजवत ओरडत होता, "लई भारी, ताई! अजून जोरात!" त्याला वाटलं आमची शर्यत लागली आहे. एका हाताने तो शूटिंगही करत होता.

माझी किंकाळी फक्त अमृतला कळली. तो गाडी माझ्या शेजारी घेऊन आला. पण त्याला एकाचे दोन दिसतात, आणि त्यासाठी एक डोळा झाकायची पट्टी घामाने खाजते म्हणून त्याने टेम्पोत काढून ठेवलेली.

"ताई, दोन चाव्या दिसत्यात! खरी कंची?"

"दोन्ही काढ!"

पहिल्यांदा त्याने माझा पदर ओढला. मग हॉर्न वाजवला. शेवटी त्याने चक्क डोळे मिटले, हात चाचपडत आणला आणि चावी उपटली. गाडी जागच्या जागी थांबली. उसाचं एक पातं माझ्या चष्म्याला घासून पुढे गेलं.

आम्ही रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. मी रडले. अमृतने चावी अजून मुठीतच धरली होती. तो म्हणाला, "मी बी लई भ्यालो. रोजच भितो. सकाळी डोळं उघडायच्या आधी तर जास्तीच." एवढ्या वर्षांत माझ्याजवळ असं कुणी बोललं नव्हतं. आणि दादा, मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

उरलेला उतार आम्ही टेम्पोत बसून उतरलो आणि पांढरीपुलाच्या पुढे पुन्हा स्कूटरवर चढलो. नेवाशात आमचा सत्कार ठेवला होता, हार घातले. अध्यक्षांनी 'या निर्भय वीरांना' असं म्हणताच आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

तुझी धाकटी बहीण,
हन्ना

ता.क. आईला घाटाचं सांगू नकोस. तिला मी सगळा रस्ता सपाट होता असं सांगितलं आहे.

ता.क. आणखी एक. तुझ्या प्रार्थनाचा फोन आला होता. तुझा डावा पाय, त्याला येणाऱ्या मुंग्या आणि डॉक्टरांनी घेतलेलं तेच माझ्या दुखण्याचं नाव, सगळं सांगितलं तिने. तू बजावलं होतंस तरीही. लेकीवर रागावू नकोस, ती फार रडत होती. हे एवढं लांबलचक पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि तिथे यायला मला अख्खा घाट उतरावा लागला. धीर धर असं मी सांगणार नाही, माझ्याकडेच तो नाही. रविवारी उपासनेनंतर शेवगावला येते आहे. झोपल्याचं सोंग घेऊ नकोस, दार उघड. भ्यायचंच आहे तर दोघं मिळून भिऊ.