दाराबाहेर बसलेल्या धाकटीस

मी, खाली सही करणारी, स्वनविज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीत आहे आणि माझे डोके ठिकाणावर आहे. फक्त आवाज बसला आहे, म्हणून हे लिहून देते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणणारी एकच होती, माझी धाकटी बहीण; तिला मी दाराबाहेर बसवले आहे.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा धाकटीला द्यावा. ती स्वनिमविज्ञान शिकवायची आणि आमच्या भांडणाचे मूळ तेच. 'क' म्हणताना जीभ दर वेळी जरा वेगळ्या जागी टेकते. ती जागा मोजणे हे माझे काम. इतके वेगवेगळे 'क' कानावर पडूनही माणसाला एकच 'क' कसा ऐकू येतो, हे शोधणे तिचे. ती म्हणे, "ताई, तू विटा मोजत बस. घर डोक्यात असतं."

२. ज्या विभागप्रमुखांनी माझी प्रयोगशाळा मोडून तिथे खुर्च्या रचल्या, त्यांना माझी एक खुर्ची द्यावी. डुगडुगणारी. जीभ कुठे टेकते ते पाहायला केलेला माझ्या टाळूचा प्लास्टरचा साचा मात्र त्यांच्या टेबलावरून परत आणावा. तो कागद दाबायला केलेला नाही.

३. माझ्या आवाजाच्या फिती धाकटीने ठेवाव्यात. ऐकण्याची सक्ती नाही.

४. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलबाई म्हणतात. बसवावे. उद्या घसा उघडल्यावर गाठ पसरलेली दिसली, तर अख्खे स्वरयंत्र काढावे लागेल. मी डॉक्टरांना ठाम नकार दिला होता. मला मरणाची नाही, मुकेपणाची भीती वाटते.

परवा मी धाकटीला कुजबुजत म्हटले, "दार लाव." कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, 'द'ला 'त'पासून वेगळे करणारे ते कंपनच नव्हते; तिला 'तार लाव' ऐकू जायला हवे होते. ती दार लावून आली आणि म्हणाली, "बघ, आवाज नाही, तरी फरक पोचला."

"खोलीत लावण्यासारखं दारच आहे, म्हणून कळलं."

"असू दे. आधी जगून दाखव, मग सिद्ध कर."

यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही. म्हणून मी माझा नकार मागे घेते. डॉक्टर बाहेर येऊन विचारतील, तेव्हा हो की नाही ते धाकटीने सांगावे. ती हो म्हणेल, हे मला ठाऊक आहे. तसे झाले, तर हा कागद तिने कपाटात ठेवून द्यावा. भांडण अजून मिटलेले नाही.

साक्षीदार: वकीलबाई (सही), दिवसपाळीची परिचारिका (सही)
स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी
लिहून देणार: धाकटीची ताई (सही)

सह्या झाल्या. आता तिला आत बोलवा.