लेकाशी मोकळेपणानं बोलायची तयारी

३ मार्च, रविवार
चिरंजीवांचा फोन. ज्याला आपण इतकी वर्षं त्याचा रूममेट समजत होतो, तो त्याचा जोडीदार आहे म्हणे. जन्माचा. मी अजिबात डगमगलो नाही. 'बरं बरं' म्हणालो आणि पेशंट आलाय असं सांगून फोन ठेवला. (रविवारी दवाखाना बंद असतो.) मॉडर्न बाप म्हणतात तो हा.

ठराव: त्याच्याशी मोकळेपणानं, आदरानं बोलायचं. अवघड काय त्यात? दातांचा डॉक्टर म्हणून उभं आयुष्य लोकांशी बोलण्यातच गेलं. एकाही पेशंटनं माझं म्हणणं कधी खोडून काढलेलं नाही.

८ मार्च
नेटवर वाचलं. समोरच्याचं ऐकून घ्या, घाई नको, गृहीत धरू नका. हे सगळे गुण माझ्यात मुळातच आहेत. लगेच फोन लावला. त्याच्या गीझरबद्दल सविस्तर चर्चा झाली. वातावरण उत्तम तयार झालंय. विषय पुढच्या वेळी.

१५ मार्च
माझ्या ताईचा फोन. दोघं तिच्याकडे जेवून गेले. तो दुसरा फार लाघवी आहे, आपल्या पोराला पोट धरधरून हसवतो, असं तिचं म्हणणं. चिरंजीवांना हसताना शेवटचं कधी पाहिलं, मला आठवेना. अर्थात मला वाईटबिईट वाटलेलं नाही. टीव्हीचा आवाज वाढवून जेवलो. ही असती तर एव्हाना त्या मुलाच्या आवडीनिवडी तिला पाठ असत्या. घर फार गप्प झालंय ती गेल्यापासून.

२० मार्च
देव पावला! चिरंजीवांची दाढ ठणकतेय. उद्या येतोय.

२१ मार्च
झालं एकदाचं बोलणं! इंजेक्शन दिलं, कापसाचे बोळे बसवले आणि मन मोकळं केलं. म्हटलं, मला राग नाही. आधी का नाही सांगितलंस? घाबरत होतास का मला? सुखात आहेस ना? तो आं आं करत होता. हात वर केला, तर म्हटलं हलू नकोस. डोळ्यांतून पाणी आलं, म्हणून इंजेक्शन आणखी थोडं दिलं. संवाद इतका रंगला की दाढ कधी भरून झाली कळलंच नाही. निघताना तो काहीतरी सांगू बघत होता, पण जीभ बधिर. म्हटलं, ताण देऊ नकोस, घरी जा. आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

३१ मार्च, रविवार
चिरंजीव उत्तरं द्यायला आले. जोडीदारालाही घेऊन. चहा झाला. तोंडात काही नसलेली माणसं समोर बसून माझ्याकडे बघतायत, हा प्रकार मला नवा. मुलगा म्हणाला, बाबा, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, घाबरत होतास का म्हणून. मी उठलो, टॉर्च आणला आणि त्या दुसऱ्याला म्हटलं, आ कर.

बिचाऱ्यानं केला. दात सुरेख आहेत, एकही किडलेला नाही. त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत आहे.

मुलाचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. दारात त्यानं विचारलं, पुन्हा कधी येऊ? सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, सहा महिन्यांनी.

बरं म्हणाला, आणि दोघं जिना उतरले.