खुन्याच्या प्रवेशाची धून

ता. ९ ऑक्टोबर, दुपारी चार

धाकट्या,

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे. बाबांचं जेवण बरं आहे, पडून राहून झालेल्या पाठीच्या जखमा भरत आल्यात, छताची गळती प्लंबरने थांबवली. झालं. आता मुद्द्यावर येते.

तुझा सिनेमा मी पाहिलेला नाही. पाहणारही नाही. पण त्याने मला गाठायचं सोडलं नाही. मागच्या महिन्यात संगीताच्या वर्गात बाबांची ती संथ नाचाची धून वाजवायला घेतली. चार सुरांत मुलींनी स्वतःचे गळे धरले आणि धडाधड बाकांवर आडव्या पडल्या. "बाई, कात्रीवाला आला!" मला काही कळेना. मग एकीने समजावलं, की सिनेमातला खुनी शिंपी घरात शिरतो तेव्हा हीच धून वाजते. मी हसले. काय करणार? त्यानंतर ती लिफ्टमध्ये ऐकली, दातांच्या दवाखान्यात ऐकली, शेजारच्यांच्या दाराच्या घंटीतही ऐकली.

तुम्हा सिनेमावाल्यांना हार्प्सिकॉर्ड म्हटलं, पियानोचा हा तारा छेडणारा पणजोबा म्हटला, की तीनच गोष्टी सुचतात: खून, भूत, नाहीतर विग घातलेला माथेफिरू श्रीमंत. तीनशे वर्षांपूर्वी माणसं या वाद्यावर नाचली, रडली, त्यावर पोरांना धडे दिले. त्यातलं तुला काही दिसलं नाही? तू तर त्याच्या पायाशी बसून वाढलास. बाबा तारा बदलायचे, सूर लावायचे आणि तुला सांगायचे, "याला मोठ्याने ओरडता येत नाही, म्हणून नीट बोलावं लागतं." तू त्याला ओरडायला लावलंस. लय दुप्पट केलीस, खाली ढोल घातलेस.

आणि तो श्वास! तिसऱ्या ओळीच्या वळणाआधी बाबा थांबून श्वास घ्यायचे, तो तू सिनेमात वापरलेल्या त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आलाय. तू तो पुसला नाहीस. मोठा केलास आणि दाराआड उभ्या असलेल्या खुन्याला देऊन टाकलास. आपल्या बापाचा श्वास! लोक त्यावर किंचाळतात म्हणे. लाज कशी वाटली नाही रे?

ते रेकॉर्डिंग तू नेलंस, असं मी सगळ्यांना सांगते. नेलं नाहीस. मी दिलं. "घेऊन जा, मला ऐकायला सवड नाही," असं म्हणाले होते. तेव्हा बाबा रोज वाजवत होते. जन्मभर वाजवतील असं वाटलं होतं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

अर्धांगाच्या झटक्याला सात महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी त्यांचं वाद्य त्यांच्या खोलीत हलवलं आणि रोज सकाळी तासभर वाजवते. त्यांच्या लयीत, त्यांनी शिकवलं तसं. ते भिंतीकडे बघत राहतात. एकदाही मान वळवली नाही.

शुक्रवारी सिस्टर त्यांची चादर बदलत होत्या. सिस्टरच्या खिशातला फोन वाजला. तुझी धून! ढोलासकट. बाबांचा डावा हात उठला. चादरीवर बोटं चालायला लागली, एकेक सूर बरोबर. वळणाआधी थांबले, श्वास घेतला. तेवढ्यात सिस्टरनी फोन उचलला. बाबा म्हणाले, "पुढे."

सात महिन्यांतला पहिला शब्द.

मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन कपबशी ओट्यावर आपटली. मग सिस्टरना म्हणाले, या खोलीत फोन आणायचा नाही. चार दिवस आणू दिला नाही. बाबा सिस्टरच्या खिशाकडे बघत राहायचे आणि मला ते दिसत होतं. तुझ्यावरचा राग मी त्यांच्यावर काढला, दुसरं काय!

काल सिस्टरनी मला न विचारता फोन उशाशी ठेवला. मी भडकले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमची भांडणं तुमच्यापाशी. माणूस ऐकतोय, ऐकू द्या की."

ती अर्ध्या मिनिटाची, त्या श्वासापाशीच संपणारी धून आम्ही सहा वेळा लावली. सातव्या वेळी मी वाद्यापाशी बसले आणि तुझ्यासारखं सुसाट वाजवलं. बाबांनी पलंगाच्या कडेवर चापट मारली. "सावकाश!" अगदी पूर्वीसारखे, वैतागून. मी हसत सुटले, मग रडत. वळण घेऊन पुढचं वाजवलं, तर त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा वाजवलं. नाही. पुढचं त्यांच्यासारखं मला वाजवता येत नाही, धाकट्या. तीस वर्षं शिकवतेय, पण येत नाही.

मूळ रेकॉर्डिंग फक्त तुझ्याकडे आहे. पाठवू नकोस, घेऊन ये. ढोल, कात्री काही नको, जसं मी दिलं होतं तसंच आण. त्यांच्याजवळ बसून लाव. मी मध्ये बोलणार नाही. नंतर मात्र बोलेन, भरपूर बोलेन, तेही ऐकून घ्यावं लागेल.

रविवारी तू येणार, असं मी त्यांना सांगून टाकलंय. मला खोटं पाडू नकोस.

तुझ्यावर अजून तितकीच चिडलेली,
ताई