नऊ अंडी, एक बोका आणि लाँड्रीचा एक्केचाळीस नंबर

तीर्थस्वरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण सध्या आपल्या अंगणात कुठेही आडवं व्हायचं तर आधी जागा धुऊन घ्यावी लागते. कारण पुढे येईलच.) प्लास्टर निघाल्याचं बेबीने फोनवर सांगितलं. पाय जमिनीला टेकतो का, जावईबापू औषधाच्या वेळा पाळतात का, आणि बेबी तुम्हाला स्वयंपाकघरात जाऊ देते का, हे सविस्तर कळवावं. इकडे आम्ही दोघं ठीक. लाँड्री चालू आहे, माझी पाठ बंद आहे.

तुमचं पत्र पोचलं. आता वय झालं, कडी लावल्याचंसुद्धा लक्षात राहत नाही, माझ्या विसरण्यापायी दादांच्या बदकांमधला नर बोक्याच्या तोंडी गेला, तेव्हा मी आता लेकीकडेच राहते आणि बदकीण कुणाला तरी देऊन टाका, असं तुम्ही लिहिलंत. ते पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा इस्त्री एका जागी विसरलो. (तीन उशांचे अभ्रे गेले.) वहिनी, असा निर्णय पत्राने कळवू नये. निदान महिन्याभरात इथे काय काय झालं ते ऐकून घ्या आणि मग ठरवा. नर गेल्यामुळे ही नऊ अंडी शेवटची, दादांनी आणलेल्या आणि त्यांच्या माघारी उरलेल्या जोडीची. ती फुटली असती तर तुम्हाला परत बोलवायला माझ्याकडे तोंडच उरलं नसतं, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

तुम्ही जाताना सूचनांचा कागद खुराड्याच्या दाराला टाचून गेलात. मी तो मन लावून वाचला, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मी काय पाहिलं, तर बदकीण नऊ अंड्यांवर बसली आहे आणि अंडी इतकी घाण, की आमच्या दुकानात अशी वस्तू आली असती तर मी गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवलं असतं. तीस वर्षं दुसऱ्यांचे डाग काढणाऱ्या माणसाला ते बघवेना. एक अंडं घेतलं, कोमट पाण्यात साबण घालून असं लख्ख केलं, की त्यात तोंड दिसावं. मग कागद वाचला. कलम तीन : अंडी धुवायची नाहीत, वरचा थर गेला की आतला जीव जातो. त्या अंड्यावर खुणेच्या शाईने एक नंबर टाकला, बाकीच्यांवर दोन ते नऊ, आणि ‘एक नंबरची जबाबदारी माझी’ असं मनाशी म्हणून हात पुसले. खुराड्यावरची जाळीही त्याच दिवशी चारही बाजूंनी घट्ट आवळली. (जाळीबद्दल पुढे लिहितो.)

वीस दिवस सुरळीत गेले. सुरळीत म्हणजे शेजारच्या टायपिंग क्लासच्या बाईंचा तो पिवळा बोका, आपला मुकादम, रोज भिंतीवर बसून पाहणी करायचा आणि मी रोज त्याची पाहणी करायचो. बदकीण दिवसातून एकदाच उठायची, दुपारी, पाव तास. दाणे खायची, पाण्यात डुबकी मारायची, परत बसायची. तेवढा पाव तास मी काठी घेऊन उभा. एकविसाव्या दिवशी मात्र प्राचार्यबाईंच्या साडीची घडी अर्धी राहिली होती म्हणून दोन मिनिटं, मोजून दोनच, आत गेलो. बाहेर जो आवाज झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. धावलो, तर मुकादमाच्या तोंडात बदकिणीचा पंख, आणि ती त्याच्या डोळ्यांवर चोच मारते आहे. हातात काठी नव्हती, ओली चादर होती. तीच बोक्यावर टाकली. चादरीखाली एक डोंगर इकडून तिकडे पळाला आणि भिंत ओलांडून गेला. चादर अजून टायपिंगच्या बाईंकडे आहे. मागायला जायचं धैर्य नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी पंखाला चार टाके घातले. पण बदकीण खुराड्याच्या कोपऱ्यात जी जाऊन बसली, ती अंड्यांकडे बघेचना. डॉक्टर म्हणाले, “तासाभरात ऊब मिळाली नाही तर विसरा.” मग हिला सुचलं. (तुमच्या जावेला. मला काही सुचत नाही हे तुम्ही तिला लग्नातच सांगितलं होतं.) लाँड्रीतलं कपडे सुकवायचं गरम कपाट! सगळ्यात खालच्या फळीवर टोपली ठेवली, तापमापक लावला, झरोके उघडझाक करून ऊब सदतीस-साडेसदतीसवर आणली. तुमच्या कागदाप्रमाणे दिवसातून तीनदा अंडी उलटायची आणि शेवटी शेवटी कोमट पाण्याचा शिडकावा. वहिनी, शिडकाव्यात मला हरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. कॉलरवर मारतो तसा, एकही थेंब ओघळू न देता. ते पाच दिवस मी गिऱ्हाइकांशी कुजबुजत बोललो.

आता माझी चूक. आपल्या लाँड्रीत नियम आहे (माझाच), की त्या कपाटात बिननंबरी वस्तू राहणार नाही. राहिली तर ती बेवारशी ढिगात जाईल. टोपलीला नंबर नव्हता. मीच केलेला नियम मीच कसा मोडू? डब्यातली हाताला आली ती नंबरपट्टी टोपलीला बांधली, अंड्यांवर इस्त्री केलेला टॉवेल पांघरला आणि निर्धास्त झालो. सव्विसाव्या दिवशी बदकिणीचे टाके काढायला गेलो. परत येऊन कपाट उघडलं, तर खालची फळी रिकामी. ही स्कूटर लावत होती. म्हणाली, सगळे नंबर पोचवून आले, एक्केचाळीसची टोपलीसुद्धा. (नंबर आणि इस्त्रीचा टॉवेल बघून घाईत तिला ती कपड्यांचीच वाटली.) एक्केचाळीस म्हणजे प्राचार्यबाई.

वहिनी, सायकलवर मी कसा गेलो ते विचारू नका. वाटेत कुणाकुणाला काय काय बोललो त्याची माफी मी सध्या हप्त्याहप्त्याने मागतो आहे. मागच्या दाराने सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो. शेगडीवर पातेलं, पातेल्यात उकळतं पाणी, आणि त्यांची स्वयंपाकीणबाई चार नंबरचं अंडं पाण्यावर धरून दगडासारखी उभी. मला बघून एवढंच पुटपुटली, “बोलतंय हो हे.” मी ते हातातून घेऊन कानाला लावलं. आतून बारीक, चिडलेली चिवचिव येत होती. आठ अंडी टोपलीत होती, कोमट होती, टॉवेलाने राखली होती. नववं मी शर्टात छातीशी धरलं. तेवढ्यात प्राचार्यबाई आल्या. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि तक्रार नोंदवली, की तुमच्या लाँड्रीतून आलेल्या मालापैकी फक्त एक नग स्वच्छ आहे, बाकीचे आठ धुतलेलेच नाहीत.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी टवके उडायला लागले. दुपारपर्यंत सहा पिल्लं बाहेर; ओली, वेडीवाकडी, अगदी कुरूप, आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत रडत होतो ते कपाटाच्या उष्म्याने असं ठरवलं आहे. एक आणि सात नंबर गप्पच राहिले. एक नंबरची जबाबदारी माझी. चार नंबरने मात्र जीव टांगणीला लावला. भोक पाडलं, चोच बाहेर काढली आणि थांबलं. चार तास, सहा तास. एवढंसं कवच, नखाने सोललं असतं! पण कलम नऊ : मदत करायची नाही, घाईने सोललं तर रक्त जातं, हात आवरत नसतील तर मागे बांधून बसा. मी खरोखर हिच्याकडून हात मागे बांधून घेतले, पायजम्याच्या नाडीने, आणि त्या अवस्थेत दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबर स्वतःच्या जोरावर बाहेर आलं. आल्या आल्या माझ्या बोटाला चावलं.

शेवटची धास्ती बदकिणीची होती. आठवडाभर अंड्यांशिवाय राहिलेली आई पिल्लं घेईल का? सातही तिच्यासमोर सोडली. ती बघत राहिली. भिंतीवर मुकादम, अंगणात मी, दारात ही, कुणीच हलेना. मग तिने बरा असलेला पंख जरासा उचलला. सातही आत गेली. वहिनी, त्या वेळी तुम्ही इथे असायला हव्या होतात.

असो. पायाला जपा. बेबीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. – हिने पत्र वाचलं आणि विचारलं, की जाळीबद्दल पुढे लिहितो म्हणालात, ते कुठे आहे? जागा संपली असं मी सांगितलं. तिने दुसरा कागद आणून दिला.

पुन्हा ता. क. – नर गेला त्याच्या आदल्या दुपारी एका गिऱ्हाइकाचा लोकरीचा स्वेटर आडवा वाळवायचा होता. त्यासाठी मी खुराड्यावरची जाळी काढून नेली आणि परत लावायला विसरलो. सकाळी पहिला मी गेलो. कडी लावलेली होती, वहिनी. तुम्ही ती लावली होती. बोका वरून आला. मी जाळी चढवली, मग आत बघायला कडी काढली, आणि तेवढ्यात तुम्ही आलात. उघडी कडी पाहून ‘मीच विसरले’ म्हणालात. मी गप्प बसलो. पुढे तुम्ही रोज चार चार वेळा उठून कडी तपासायला लागलात आणि एक दिवस चौथ्या खेपेला घसरून पाय मोडलात, तरी मी गप्पच.

आणखी एक – तुमची आठवण शाबूत आहे, दिराची लाज तेवढी गहाळ झाली होती. आता जे काही बोलायचं असेल ते पत्रातून पाठवू नका. इथे येऊन, अंगणात उभं राहून, सगळ्या पिल्लांदेखत बोला. साष्टांगापुरती जागा मी धुऊन ठेवली आहे.